डोंगराचा शिपाई : पारगडापासून केरेनपर्यंत

बेळगावहून पश्चिमेस निघून चंदगड मागे टाकले, की सह्याद्रीच्या ऐन कड्यावर पारगड लागतो. हा गड शिवछत्रपतींनी वसविला आणि त्याची किल्लेदारी तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांच्याकडे सोपविली, असे परंपरा सांगते. आकाशात सूर्यचंद्र असेतोवर गड राखावा, अशी आज्ञा झाल्याचे गडकरी सांगत आले; आणि त्यांचे वंशज आजही गडावर घरे करून आहेत. गडाला तट लागतो, तोफ लागते, पाण्याचे टाके लागते. पण या सर्वांच्या आधी लागतो तो डोंगराला आपला म्हणणारा माणूस. मराठी राज्यात गड एकाच माणसाच्या मुठीत राहू नये म्हणून हवालदार, सबनीस, सरनौबत असे अधिकारी नेमीत. परंतु घेऱ्यातील मेटांवर पहारा देणारी माणसे त्याच रानातली असत. वाट कोठे निसरडी होते, धुके कोणत्या घळीतून वर चढते, हे बाहेरून आलेल्या सरदाराला नकाशावरून उमगत नाही.

हाच विचार पुढे दोनशे वर्षांनी इटलीच्या सैन्यातील जुझेप्पे पेरुकेत्ती नावाच्या कप्तानाने मांडला. इटलीचे एकीकरण नुकतेच झाले होते आणि तिची उत्तर सरहद्द म्हणजे आल्प्स पर्वताची रांग. सपाटीवरचा शेतकरी ऐन युद्धात बर्फाच्या खिंडीत नेऊन उभा करण्यापेक्षा, खिंडीखाली राहणाऱ्या गुराख्याच्या व लाकूडतोड्याच्या हातीच बंदूक का देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. ते मान्य झाले आणि १५ ऑक्टोबर १८७२ रोजीच्या राजाज्ञेने पंधरा कंपन्या उभ्या राहिल्या. हेच ‘आल्पिनी’. डोक्यावर पिसाची टोपी, सोबतीला ओझ्याचे खेचर, आणि बहुतेक पलटणींना नाव आपापल्या खोऱ्याचे वा गावाचे. एका पलटणीत बाप, चुलता आणि पुतण्या एकामागून एक नोकरी करून गेल्याची उदाहरणे त्या मुलुखात नवलाची नव्हती. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१८ या काळात आल्पिनींनी ऑस्ट्रियाशी तीन हजार मीटरहून उंच शिखरांवर युद्ध केले. हिमनदीच्या पोटात भुयारे खोदून माणसे राहिली. आदामेल्लोच्या हिमनदीवरून सुटे भाग करून, बर्फावर घसरगाड्यांनी ओढून वर चढविलेली एक अवजड तोफ अजून तेथील कड्यावर उभी आहे. १९१६ च्या डिसेंबरात कोसळलेल्या हिमकड्यांनी दोन्ही बाजूंची हजारो माणसे गिळली. त्या महिन्यात शत्रूच्या गोळीपेक्षा डोंगरच अधिक क्रूर ठरला. पुढे १९३१ पासून इटलीने संपूर्ण आल्पाईन सरहद्दीवर सिमेंट-काँक्रीटची तटबंदी बांधावयास घेतली. खडक पोखरून तोफांची कोठारे आणि शिबंदीच्या खोल्या केल्या, आणि त्या सांभाळण्यासाठी १९३७ मध्ये सरहद्द-रक्षकांचे वेगळे दल उभारले. दुसऱ्या महायुद्धानंतरही त्यांतील काही भुयारी ठाणी आल्पिनींच्या खास तुकड्यांनी शीतयुद्ध संपेपर्यंत राखली. आपल्या भाषेत बोलावयाचे तर हे इटलीचे गडकरीच.

परंतु गडकऱ्याला गडावरून उठवून परक्या मुलखात लढावयास नेले, म्हणजे त्याच्या निष्ठेचे काय होते? मुसोलिनीने १९३५ साली इथिओपियावर स्वारी केली. तेथे ‘अंबा’ म्हणजे उभ्या कड्यांचा डोंगर. आणि ‘वर्क अंबा’ म्हणजे सोन्याचा डोंगर. १९३६ च्या फेब्रुवारीत आल्पिनी आणि काळ्या डगल्याचे स्वयंसेवक यांतील निवडक गिर्यारोहकांनी रात्री त्याचा कडा चढून तो घेतला. ते चढणे पाहून सिंहगडाची आठवण व्हावी. मात्र सिंहगड आपला होता, वर्क अंबा इटलीचा नव्हता. पुढे एका आल्पिनी पलटणीला त्याच डोंगराचे नाव देण्यात आले. ज्या दलाच्या पलटणी आपल्या खोऱ्याच्या नावाने ओळखल्या जात, त्यातील एक पलटण दुसऱ्याच्या हिरावलेल्या डोंगराच्या नावाने मिरवू लागली!

इकडे मराठी शिपायाचेही वेगळे झाले नव्हते. काळी पाचवी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीच्या तुकडीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहानचा किल्ला कप्तान ब्राऊनच्या हाताखाली अनेक महिने वेढ्यात राखला. किल्ला राखण्याची विद्या सह्याद्रीची, किल्ला मात्र मर्री बलुचांचा आणि हुकूम कंपनी सरकारचा. १९२२ साली मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र बेळगावास आले आणि तेव्हापासून कोकणातली, देशावरची आणि या सीमाभागातली पोरे येथेच कवायत शिकून जगभर गेली.

१९४१ च्या फेब्रुवारीत ही दोन डोंगरी माणसे इरिट्रियातील केरेन येथे एकाच रणांगणावर आली. अस्मारा शहराकडे जाणारी सडक आणि रेल्वे दोंगोलास नावाच्या अरुंद घळीतून वर चढते. इटालियन सैन्याने घळीवरचे कडे सुरुंगाने उडवून सडक बुजविली आणि भोवतालची शिखरे धरली. त्यांच्यात सव्हॉय ग्रेनेडियर होते, वर्क अंबा पलटणीचे आल्पिनी होते, आणि संख्येने पुष्कळ असे इरिट्रियाचेच अस्कारी शिपाई होते. खालून चढणाऱ्या सैन्यात चौथ्या व पाचव्या हिंदी डिव्हिजनच्या पलटणी होत्या. पाणीदेखील पाठीवरून वर न्यावे लागे. १५ मार्च रोजी कर्नल रीड यांच्या तिसऱ्या मराठा पलटणीने चढाई केली. त्यानंतरच्या पहाटे शेजारच्या पलटणींनी दोलोगोरोदोकचा किल्ला सर केला. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रणगर्जना याच लढाईत प्रथम घुमली, असे पलटणीची परंपरा सांगते. २७ मार्चला केरेन पडले. चढणाऱ्यांपैकी पाचशेहून अधिक ठार आणि तीन हजारांहून अधिक जखमी झाले. राखणाऱ्यांचे मृत्यू याच्या कित्येक पट होते.

पुढचा फेरा अधिक विलक्षण आहे. मराठे इटलीच्याच डोंगरांत जाऊन जर्मनांशी लढले. रीड आता दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती होते. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची सारी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, काडतुसे भरण्यास सवड नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने अखेरचे दोघे मारले आणि तेथेच गोळ्या लागून पडले. वय बावीस. नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंगांतून उचलून आणले आणि मग शत्रूची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांच्या स्मरणार्थ मोंतोने गावात २०२३ साली छायाघड्याळ उभारण्यात आले.

आणि आल्पिनी? ज्या वर्षी इटलीने शस्त्र खाली ठेवले, त्याच १९४३ च्या जानेवारीत त्यांच्या डिव्हिजना रशियातील डॉन नदीच्या सपाट, गोठलेल्या मैदानात चिरडल्या गेल्या होत्या. मैदानात, जेथे एकही डोंगर नव्हता. एकट्या कुनेएन्से डिव्हिजनचे तेरा हजारांहून अधिक जवान मेले वा बेपत्ता झाले. आणि पलटण एका खोऱ्याची असल्यामुळे शोकही एकाच खोऱ्यावर कोसळला. पेरुकेत्तीच्या योजनेची ही बाजू १८७२ च्या कागदांत लिहिलेली नव्हती.

केरेन गावात आज इटालियनांचे एक दफनस्थान आहे. तेथील कित्येक शिळांवर ‘अनामिक अस्कारी’ एवढेच कोरले आहे. गावातल्याच दुसऱ्या दफनभूमीत हिंदी पलटणींतील ज्या हिंदू व शीख सैनिकांना अग्नी देण्यात आला, त्यांच्या नावांचे स्मारक आहे. भोवतीचे सारे डोंगर मात्र आता इरिट्रियाचे आहेत.