लैंगिक निषेध

कामविषयाचा उच्चार, चित्रण किंवा शिक्षण यांवर समाजाने घातलेले, बहुधा अलिखित बंधन. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

कारणे : पितृत्व व वारसा यांची निश्चिती, जातीबाहेर विवाह होऊ नयेत म्हणून स्त्रीवर ठेवलेला पहारा, ब्रह्मचर्याला श्रेष्ठ मानणारा धर्मविचार आणि व्हिक्टोरियन नीतिकल्पना ही कारणे सांगितली जातात, त्यांतील प्रधान कोणते याविषयी एकमत नाही.

परंपरा : सातवाहन राजा हाल याच्या नावावरील ‘गाथासप्तशती’ हा माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रह व पेशवाईतील शृंगारिक लावण्या पाहता, हा विषय पूर्वी सरसकट वर्ज्य होता असे म्हणता येत नाही, तो फडात चाले, माजघरात चालत नसे.

न्यायालयीन इतिहास : दंड संहितेच्या २९२ व्या कलमाने अश्लील साहित्याची विक्री गुन्हा ठरली, आणि ज्यांची मने वाईट प्रभावाला सहज बळी पडतात त्यांना मजकूर बिघडवील काय, ही इंग्लंडमधील १८६८ च्या हिकलिन खटल्यातील कसोटी येथेही लागू झाली. तिचा फटका केवळ शृंगाराला नव्हे, शास्त्रीय गद्यालाही बसला. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मृत्यूपर्यंत चालवले. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांना १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरील १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही दोनशे रुपये दंड झालाच. पुढे ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवरून तिचे लेखक चंद्रकांत काकोडकर यांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने, समाजाची मापे बदलत असल्याची दखल घेऊन, १९६९ मध्ये रद्द केली. हिकलिन कसोटी मात्र २०१४ मध्येच मागे पडली.

शिक्षण : शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये आक्षेपांनंतर थांबवला.

अन्यत्र : ट्रोब्रिअंड बेटांवर विवाहपूर्व संबंधांना मोकळीक, परंतु बहीण-भावांत या विषयाचा उल्लेखही वर्ज्य, असे मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी नोंदवले, बस्तरमधील मुरियांच्या घोटुलाचे (अविवाहित मुलामुलींच्या एकत्र युवागृहाचे) वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये केले, मार्गारेट मीड यांचे सामोआतील तरुणांच्या लैंगिक मोकळिकीविषयीचे निष्कर्ष वादग्रस्त आहेत.