बादलीच्या आडची पाळी

लिनक्सच्या फाइल सर्व्हरवर बँडविड्थला लगाम घालतात तो कर्नलमध्ये, पॅकेट नेटवर्क कार्डाकडे जाण्याआधी. त्यासाठीची आज्ञा ‘टीसी’ आणि सर्वांत रुळलेली पद्धत ‘एचटीबी’ (हायरार्किकल टोकन बकेट, म्हणजे टोकनांच्या बादल्यांची उतरंड). सणसवाडीतल्या एखाद्या कारखान्यात बॅकअप चालू असतानाही ड्रॉइंग पटकन उघडावे, अशा गरजेला हीच कामी येते. ती मार्टिन डेवेरा यांनी लिहिली आणि 2002 साली कर्नल 2.4.20 मध्ये आली.

नावातच बादली असल्याने तिचे मूळ शोधणारे बादलीपाशी पोचतात. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोनाथन टर्नर यांनी 1986 मध्ये ‘गळकी बादली’ मांडली. वाद इथूनच सुरू होतो. टर्नर यांची बादली म्हणजे निव्वळ मोजणी: पॅकेट गेले की आकडा चढतो, ठरावीक वेळाने उतरतो, मर्यादेबाहेरचे पॅकेट टाकून दिले जाते. टॅनेनबॉम यांच्या पाठ्यपुस्तकाने मात्र बादलीत पॅकेटांची रांग लावली आणि विद्यार्थी तेच घोकत आले. एचटीबीची टोकनांची बादली ही टर्नर यांच्या मोजणीचीच उलटी बाजू. रांगवालीशी तिचे नाते लांबचे.

पण बादली ‘किती’ तेवढेच सांगते. उरलेली बँडविड्थ वाटताना रहदारीच्या कोणत्या वर्गाला एका पाळीत किती मिळणार, हे ठरते ‘क्वांटम’वर, आणि त्याचे कूळ सहसा कोणी विचारत नाही. जॉन नेगल यांनी 1985 मध्ये आळीपाळीने एकेक पॅकेट सोडण्याची कल्पना मांडली. त्यात मोठ्या पॅकेटवाल्याची चंगळ. डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी 1989 मध्ये बिटाबिटाचा हिशेब आणला, पण तो महागडा. 1995 मध्ये श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी सोपी तोड काढली. क्वांटम 1,000 बाइटचा आणि पुढचे पॅकेट 1,500 चे असेल तर ते थांबते. 1,000 खात्यावर राहतात. पुढच्या पाळीला 2,000 होतात, पॅकेट जाते, 500 उरतात. चासकमान धरणाच्या कालव्यावर पाणी पाळीपाळीने मिळते त्या शेजपाळीसारखेच हे, फक्त न वापरलेला वाटा इथे पुढे धरला जातो. रांग रिकामी झाली की खाते मात्र शून्य.

वर्गीस आयआयटी मुंबईचे 1981 चे पदवीधर आणि हे संशोधन वॉशिंग्टन विद्यापीठातलेच. बादली आणि पाळी एकाच अंगणात वाढल्या, हा निव्वळ योगायोग नसावा. नेगल यांना या वाटपाचे जनकत्व देणारे पाळीची कल्पना बघतात, पुढे धरलेली बाकी नाही; एचटीबीने उचलली ती बाकीच.

एचटीबी आपण होऊन, वर्गाला ठरवून दिलेल्या दर सेकंदाच्या बाइटना 10 ने भागून क्वांटम काढते. तो 2,00,000 च्या वर गेला की कर्नलच्या लॉगमध्ये इशारा उमटतो. 16 मेगाबिटच्या वरचा प्रत्येक वर्ग त्यात सापडतो, म्हणजे गिगाबिटच्या जाळ्यात जवळजवळ सगळेच. अशा वेळी क्वांटम हाताने लिहून द्यावा: शक्य तितका लहान, पण सर्वांत मोठ्या पॅकेटपेक्षा मोठा.