चाँद दिसण्याआधीची उजळणी: नाशिकमध्ये रमजानची तयारी नेमकी कशी होते?

रमजान म्हटलं की जुन्या नाशिकच्या दूध बाजारातले खजूर, शेवया आणि इफ्तारच्या पदार्थांचे फोटो तुमच्या मोबाइलवर येतात. पण या महिन्याच्या स्वागताचा एक भाग फोटोत येत नाही, तो म्हणजे अभ्यास.

रमजानमध्ये रोज रात्री इशाच्या नमाजनंतर 'तरावीह'ची नमाज होते. त्यात बहुतेक मशिदींत महिनाभरात संपूर्ण कुराण म्हटलं जातं, तेही सहसा पुस्तक समोर न ठेवता. 114 सुरा, 30 पारे. हे सगळं पाठ असणारा तो हाफिज. रोज सव्वा पारा म्हटला तर 24 रात्री लागतात. अनेक ठिकाणी 27व्या रात्री समाप्ती होईल असा हिशोब धरतात.

पाठांतर एकदा झालं की संपलं, असं नसतं. म्हणून रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात 'दौर' चालतो. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने ऐकायचं. बहुतेक मदरशांचं वर्षही शाबानमध्येच संपतं. नाशिक जिल्ह्यात मदरशांचं मोठं केंद्र मालेगाव. परीक्षा झाली की तरुण हाफिज तरावीहसाठी गावोगावच्या मशिदींत जातात.

आता सगळ्यात सुंदर भाग. नमाजमध्ये हाफिज अडखळला तर मागे उभा असलेला 'सामे', म्हणजे ऐकणारा, पुढचे शब्द म्हणतो. याला म्हणतात 'लुकमा देणं'. लुकमा म्हणजे घास! सामे कधी हाफिजपेक्षा वयाने बराच लहान असतो. तरी भरलेल्या मशिदीत त्याने चूक दाखवायची आणि पुढच्याने ती सुधारून पुढे जायचं. कुणी हसत नाही, कुणाचा अपमान होत नाही.

लहान मुलांसाठी वेगळी प्रथा आहे, रोजाकुशाई. वयात येईपर्यंत रोजा बंधनकारक नसतो. पण सात-आठ वर्षांचं पोर हट्टाने पहिला रोजा धरतं, तेव्हा संध्याकाळी नातेवाईक, शेजारी जमतात. हार घालतात, भेटी देतात. हा धर्माचा आदेश नाही, घराघरातला रिवाज आहे.

शाबानच्या 29 तारखेला संध्याकाळी सगळे आकाशाकडे बघतात. चाँद नाही दिसला, तर 30 दिवस पूर्ण करायचे. दिसला, तर तरावीह त्याच रात्री. 2025मध्ये 1 मार्चला चाँद दिसला आणि 2 मार्चला पहिला रोजा झाला. उजळणी राहिलेल्या हाफिजच्या हातात अशा वेळी फक्त मगरिब ते इशा एवढाच वेळ उरतो.