चुनखडीच्या नळीतले रंग

पालकाची पानं वाटून त्यातला हिरवा रंग काढला, तर हाती येतो तो एकच रंग नसतो. त्यात निळसर हिरवा, पिवळसर हिरवा आणि पिवळ्याच्या दोन-तीन छटा मिसळलेल्या असतात. आज हे शाळेत शिकवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी यावरून शास्त्रज्ञांमध्ये चांगलीच जुंपली होती. भांडण वरवर पानांचं होतं. मला विचाराल तर ते एका शब्दाचं होतं: शुद्ध.

मिश्रण वेगळं करायच्या जुन्या पद्धती आपल्या रोजच्या आहेत. धान्य पाखडायचं, चहा गाळायचा, मिठागरात पाणी आटवायचं. त्यासाठी दोन पदार्थांत ठळक फरक लागतो. एक जड, दुसरा हलका. एक उडून जातो, दुसरा मागे राहतो. पानातली रंगद्रव्यं मात्र एकमेकांची सख्खी भावंडं, आणि फार नाजूक. आम्ल घातलं की बदललीच. मग जे वेगळं केलं ते मुळात पानात होतं, की आपल्या भांड्यात तयार झालं?

हा प्रश्न मिखाईल त्स्वेत यांनी मनावर घेतला. वडील रशियन, आई इटालियन. जन्म १८७२चा, इटलीतल्या आस्ती गावचा. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये. १८९६ साली जिनिव्हाची डॉक्टरेट घेऊन ते रशियाला गेले, तर तिथे ती पदवी चालेना. पुन्हा परीक्षा, पुन्हा प्रबंध. अखेर वॉर्सात नोकरी मिळाली. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं.

त्स्वेत यांना एक विचित्र गोष्ट दिसली. हरितद्रव्य एकदा पानातून बाहेर काढलं की पेट्रोलियम ईथरमध्ये सहज विरघळतं. पण तेच ईथर थेट पानावर ओतलं तर हरितद्रव्य बाहेर येत नाही. थोडं अल्कोहोल घातलं की लगेच येतं. म्हणजे पानात त्याला कुणीतरी धरून ठेवलंय. फिल्टर पेपरवर हाच रंग वाळवला, तर कागदही त्याला तसाच धरून ठेवतो.

मग त्यांनी शंभराहून अधिक पदार्थांच्या भुकट्या तपासल्या. काचेच्या नळीत चुनखडीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक भुकटी ठासून भरायची. वरून पानांचा अर्क ओतायचा, मागोमाग नुसता द्रव. प्रत्येक रंगद्रव्य भुकटीला कमी-जास्त चिकटतं. ज्याची चिकटण्याची ओढ कमी, ते भराभर खाली येतं. ज्याची जास्त, ते वर रेंगाळतं. कॅरोटीन सगळ्यांच्या आधी खाली उतरतं. बाकीच्यांचे नळीत पट्टे पडतात. उकळणं नाही, आम्ल नाही.

१९०३ साली त्यांनी वॉर्सात यावर व्याख्यान दिलं आणि १९०६ मध्ये पद्धतीचं बारसं केलं: क्रोमॅटोग्राफी, ग्रीकमध्ये रंगलेखन. रशियनमध्ये ‘त्स्वेत’ म्हणजेही रंग!

पण रसायनशास्त्रज्ञांचा नियम पक्का होता. पदार्थ शुद्ध असेल तर त्याचे स्फटिक दाखवा. नळीतल्या पट्ट्याला ते शुद्ध मानायला तयार नव्हते. भुकटीतच रंग बदलत असणार, ही शंका होती. त्यात हा माणूस वनस्पतिशास्त्राचा. १९१०चं त्याचं मुख्य पुस्तक रशियनमध्ये. हरितद्रव्यं दोन आहेत हे त्स्वेत यांचं म्हणणं जर्मनीच्या रिचर्ड विलश्टेटर यांनी वेगळ्या, रूढ मार्गाने पक्कं केलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी १९१५चं नोबेल विलश्टेटर यांना मिळालं. त्याच वर्षी युद्धामुळे त्स्वेत यांना वॉर्सा सोडावं लागलं. प्रकृती ढासळत गेली. १९१९ मध्ये व्होरोनेझला ते वारले, तेव्हा वय होतं ४७.

यानंतर अगदी थोड्यांनी ही पद्धत वापरली. मग १९३१ साली हायडेलबर्गमध्ये रिचर्ड कून, एडगर लेडरर आणि आल्फ्रेड विंटरश्टाइन यांनी ती नळी पुन्हा उभी केली. कून हे विलश्टेटर यांचेच विद्यार्थी. त्यांनी नळीतून सोडलं कॅरोटीन. तेच, ज्याचे सुबक स्फटिक मिळतात आणि म्हणून जे शुद्ध समजलं जायचं. नळीत ते फुटलं. अल्फा आणि बीटा असे दोन वेगळे पदार्थ निघाले.

मला ही गोष्ट इथे सगळ्यात जास्त बोचते. ज्या कसोटीवर त्स्वेत यांना नापास केलं, ती कसोटीच अपुरी निघाली. स्फटिकाला न दिसलेला फरक नळीने दाखवला. ऐकायला त्स्वेत नव्हते. १९५२ साली क्रोमॅटोग्राफीच्याच एका नव्या प्रकारासाठी आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना नोबेल मिळालं.

म्हणून ‘शुद्ध’ हा शब्द कुठेही दिसला, तुपाच्या डब्यावर किंवा सोन्याच्या दुकानात, की मी मनात पुढचा प्रश्न जोडतो: कोणत्या चाचणीने? शुद्ध म्हणजे आजवरच्या चाचण्यांना ज्यात दुसरं काही सापडलेलं नाही ते. उद्याची चाचणी वेगळं सांगू शकते.

घरात कुणाला डायबेटिस असेल तर एचबीए१सीचा रिपोर्ट उघडून बघा. पद्धतीच्या रकान्यात बऱ्याचदा ‘एचपीएलसी’ लिहिलेलं असतं. त्यातलं शेवटचं ‘सी’ म्हणजे क्रोमॅटोग्राफी. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि न चिकटलेलं, ही दोन भावंडं एका नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि त्यावरून डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात. त्या रिपोर्टवर लॅबचं नाव असतं, सही असते. त्स्वेत यांचं नाव नसतं.