नळीची लांबी कोणी ठरवायची?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला गाठून विचारले, "सर, गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड घरी कापला की वरच्या आरपीएमला पॉवर वाढते. मग कंपनीला एवढंही कळत नाही का?" प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आम्हाला जास्त आवडला. आज त्याचाच इतिहास पाहू. उदाहरण एकच, अमेरिकेतल्या क्रायस्लरचे, १९६० सालचे.

मॅनिफोल्ड म्हणजे कार्बुरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण प्रत्येक सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा ओतीव सांगाडा. आपल्याला वाटते, नळी म्हणजे नुसती वाट. पण रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारून बघा, ती एका ठरावीक सुरात घुमते. या घुमण्याचे गणित मांडणाऱ्यांत हेल्महोल्ट्झ हे मोठे नाव. ध्वनीच्या संवेदनांवरचा त्यांचा ग्रंथ १८६३चा. आम्ही त्यांना ओळखतो ते कांटनंतरच्या ज्ञानमीमांसेतून. तत्त्वज्ञानाच्या माणसाने इंजिनात नाक खुपसायला एवढे निमित्त पुरे!

इंजिनात होते असे. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, त्या ओढीची लाट नळीतून उलटी धावते, मोकळ्या टोकाशी पोचते आणि दाबाची लाट होऊन परत फिरते. झडप बंद होण्याच्या आधी ती परत पोचली तर जाता जाता थोडे जास्त मिश्रण सिलिंडरात कोंबते. उशिरा आली तर दार बंद. म्हणजे सगळा खेळ वेळेचा, आणि ती वेळ ठरते नळीच्या लांबीवर.

क्रायस्लरने १९६० मध्ये नळ्या केल्या ३० इंची. एवढी लांबी व्ही-८ इंजिनावर मावणार कुठे? म्हणून उजवीकडचा कार्बुरेटर डावीकडच्या चार सिलिंडरांना आणि डावीकडचा उजवीकडच्या चारांना, अशा नळ्या इंजिनावरून आडव्या, एकमेकींना ओलांडून नेल्या. बॉनेट उघडले की दोन मोठे हात घडी घातल्यासारखे दिसतात. हिशेब करून बघू. ३० इंच म्हणजे पाऊण मीटरच्या जरा वर. जाऊन येऊन दीड मीटर. ध्वनीच्या वेगाने त्याला साधारण साडेचार सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला २८०० फेऱ्यांवर क्रँक तेवढ्या वेळात ७५ अंशांच्या आसपास फिरतो. '३०० एफ' या मोठ्या मॉडेलचा टॉर्क नेमका २८०० फेऱ्यांना शिखरावर होता, ४९५ पाउंड-फूट. शक्ती ३७५ अश्वशक्ती, ५००० फेऱ्यांना.

पण त्याच गाडीसाठी मोजक्या गिऱ्हाइकांना दुसरा मॅनिफोल्डही मिळत होता. बाहेरून अगदी तसाच. आत मात्र कार्बुरेटरकडच्या अर्ध्या भागातल्या, नळ्यांमधल्या भिंती काढलेल्या! तिथे एक सामाईक पोकळी झाली आणि नळीची खरी लांबी उरली १५ इंच. बघा, आमचा तरुण मित्र घरी जे करू पाहतोय ते कारखान्यानेच केले होते. फळ काय? शक्ती ४००, तीही ५२०० फेऱ्यांना. टॉर्क मात्र ४६५वर उतरला आणि त्याचे शिखर ३६०० फेऱ्यांवर सरकले. कागदावर लांबी निम्मी केली की शिखर दुप्पट वर, ५६००ला जायला हवे. तसे झाले नाही. कारण कॅमशाफ्ट, झडपा, एक्झॉस्ट हे सगळे आपापल्या बाजूला ओढत असतात. त्या वर्षी डेटोनाच्या वाळूवर या छोट्या नळ्यांच्या गाडीने ताशी १४५ मैलांच्या जवळ वेग गाठला.

मग सरसकट सगळ्यांना तीच का दिली नाही? गाडी जवळजवळ दोन टनांची, गिअरबॉक्स बहुतेकांचा ऑटोमॅटिक. मालकाला हायवेवर ट्रकला ओलांडायचे असते तेव्हा इंजिन ५२००वर नसते, २८००च्या आसपास असते. ३० इंच हा आकडा म्हणजे त्या मालकाच्या सवयींबद्दल कंपनीने केलेले अनुमान. चूक नव्हे, अनुमान.

आणि गंमत अशी, की घरी उद्योग करणारे आणि कंपनीत बसणारे पुष्कळदा एकच होते. १९५८ मध्ये क्रायस्लरच्याच तरुण अभियंत्यांनी 'रॅमचार्जर्स' नावाचा क्लब काढला. नोकरीनंतरच्या वेळात त्यांनी १९४९च्या एका जुन्या प्लिमथवर छताशी स्पर्धा करणारा उंच मॅनिफोल्ड चढवला. गाडीचे नाव 'हाय अँड मायटी'. त्यांच्यातलेच टॉम हूव्हर पुढे १९६२च्या शर्यती इंजिनामागे होते. त्यातही आडव्या नळ्या, पण १५ इंची.

सामान्य मालकाने घरी केले ते याहून साधे. पुष्कळ व्ही-८ मॅनिफोल्डांत कार्बुरेटरच्या खाली एक मधली भिंत असते, चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या. ती अर्धा इंच घासून उतरवली की प्रत्येक सिलिंडरला सगळ्या कार्बुरेटरमधून श्वास घेता येतो. वरच्या फेऱ्यांना इंजिन मोकळे होते. खाली मात्र कार्बुरेटरला मिळणारी ओढ क्षीण होते, मिश्रण बिघडते, सिग्नलवरून निघताना गाडी ठसकते. आणि हो, मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवूनच घासावा, नीट धुवावा; ॲल्युमिनिअमचा एक कण आत गेला तर सिलिंडरची भिंत ओरखडतो.

म्हणून आम्ही त्या मित्राला उलट विचारले, "तुझी गाडी दिवसातला किती वेळ पाच हजारांवर असते?" तो हसला. म्हणाला, "शनिवारवाड्यापाशी तर पंधराशेच्या वर जात नाही." मग म्हणाला, "पण सर, रविवारी घाटात…" घाटासाठी कापायची असेल तर खुशाल काप, असे आम्ही म्हटले; मात्र त्या वर्षीच्या क्रायस्लरसारखे दुसरा मॅनिफोल्ड घेऊन तो काप, मूळचा माळ्यावर ठेव. कापलेली भिंत परत उभी करता येत नाही, आणि बाहेरून बघून कळतही नाही. कार्बुरेटर उतरवून आत बॅटरी मारावी लागते.