मुक्त व्यापाराचे तत्त्व आणि साखरेवरील जकात

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापुरास जाणारा मार्ग हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा रस्त्यास मिळतो. घाटावरील गूळ व साखर या वाटेने खाली कोकणात उतरते. उत्पादक घाटावर आणि गिऱ्हाईक समुद्रकाठी, अशी ही स्थिती आहे. मुक्त व्यापारासंबंधी महाराष्ट्रात जो वाद झाला, त्याचे मर्म या दोघांच्या हितविरोधातच सापडते.

मुंबई इलाख्यातील अंतर्गत मालावरील जकाती १८३८ साली उठल्या. ('जकात' हा शब्द मूळ अरबीत धार्मिक दानाचा वाचक, मराठीत तो सक्तीच्या वसुलीचा झाला, हे अर्थांतर बोलके आहे.) इंग्लंडने १८४६ मध्ये धान्यविषयक कायदे रद्द केले, १८६० मध्ये फ्रान्सशी व्यापारी करार केला. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' (१८४९) व कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' (१८५५) यांच्या द्वारे हे नवे शास्त्र मराठीत आले.

परंतु खुद्द युरोपात हे तत्त्व फार काळ टिकले नाही. बिस्मार्कच्या जर्मनीने १८७९ साली संरक्षक जकाती बसविल्या. नेमक्या त्याच वर्षी लिटनने आपल्या मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात काढली. पुढे महसुलाच्या गरजेने ती पुन्हा बसविताना १८९६ मध्ये कापडावर साडेतीन टक्के आयातकर ठेवला, आणि देशी गिरण्यांच्या कापडावर तितकाच उत्पादनकर लादला. मँचेस्टरची सोय आणि शास्त्राचा सिद्धान्त यांतील भेद यामुळे उघडा पडला. अर्थशास्त्राचे नियम देशकालसापेक्ष असतात, असे प्रतिपादन न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात केले, त्यामागे जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्टच्या विचारांचा आधार होता.

रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले याच रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे १८६६ मध्ये जन्मले. गुरूचा सिद्धान्त त्यांनी जसाच्या तसा पुढे चालविला असता तर नवल नव्हते. मार्च १९११ मध्ये परदेशी साखरेवरील आयातकर वाढविण्याचा ठराव मदनमोहन मालवीयांनी वरिष्ठ कायदेमंडळात मांडला, तेव्हा मात्र गोखल्यांनी वेगळी भूमिका घेतली. संरक्षण योग्य आणि अयोग्य अशा दोन प्रकारचे असते, हे त्यांनी स्पष्ट केले. वाढत्या उद्योगास आधार देणारे पहिले. बलिष्ठ हितसंबंधीयांनी सामान्य जनतेच्या खर्चाने लाभ उपटावा हे दुसरे. करधोरणावर लोकांचा ताबा नसता भारतात दुसऱ्याच प्रकारचे संरक्षण येण्याचा धोका अधिक, म्हणून तूर्त मुक्त व्यापारच सुरक्षित, असे त्यांचे मत पडले.

याला मँचेस्टरपंथाचा स्वीकार म्हणणे उथळपणाचे होईल. तत्त्वाने गोखले रानड्यांपासून दूर गेले नव्हते. जकात बसविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यांनी तत्त्वाच्या आधी ठेवला. रानड्यांच्या व्याख्यानात या प्रश्नाला इतके अग्रस्थान नव्हते, आणि गोखल्यांचे वैशिष्ट्य येथेच मानले पाहिजे.

गोखले १९१५ साली निवर्तले. भारताच्या साखरधंद्यास कायद्याने संरक्षण मिळाले ते १९३२ साली. त्यानंतर कारखाने झपाट्याने वाढले, घाटावर उसाचे क्षेत्र पसरले. आंबा घाट उतरून हातखंब्यास येणाऱ्या साखरेच्या दरात त्या संरक्षणाचा वाटा किती, याचा हिशेब कोकणातील गिऱ्हाइकास कोणी विचारला नाही.