दीडशे मर्सिडीज आणि पुढचा हिशोब

ऑक्टोबर 2010मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा 150 मर्सिडीज घेतल्या. किंमत 65 कोटी, म्हणजे गाडीमागे सरासरी 43 लाख. स्टेट बँकेचं कर्ज 40 कोटींच्या वर, व्याज 7 टक्के. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त ट्रॅक्टरच्या व्याजदराशेजारी हा आकडा मांडला. खरेदीची नोंद अशी ठसठशीत आहे. अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेल्यावर दुरुस्ती कुणाच्या अंगावर पडते, हे मात्र विमा आणि परिवहनाच्या कागदांतून जुळवावं लागतं.

अशी एखादी गाडी यवतमाळला आली असं धरा. यवतमाळची पासिंग एमएच-29. पण राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही. त्यामुळे दारव्हा रोडवर एमएच-20ची मर्सिडीज दिसली, तर तिची पहिली नोंदणी औरंगाबादची, एवढंच त्या पाटीवरून ठरतं. ती आधीच्या मालकाने कशी वापरली, हे पाटी सांगत नाही आणि आरसीही नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलका कागद म्हणजे वाहनविम्याचा 2002चा इंडियन मोटर टॅरिफ. त्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षी गाडीची विमा-किंमत मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. अपघाताच्या दाव्यातही रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. गाडी दहा वर्षांपुढे गेली की धातूच्या भागांचेही निम्मेच. आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड साध्या पॉलिसीत मुळातच बसत नाही.

बिघाडाचं हे कलम एअर सस्पेन्शनवर ताडून पाहावं. त्यातले हवेचे बेलो रबराचे. वय आणि विदर्भातला उन्हाळा यांनी रबराला बारीक भेगा पडतात. रात्री सरळ लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली असते. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, शेवटी तोही जळतो. हा अपघात नव्हे, म्हणून विमा नाही. गाडीचा भाव उतरला तरी सुट्या भागांचा उतरत नाही; अधिकृत वर्कशॉप नागपूरला, यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, म्हणजे टोइंगचा खर्च वेगळा.

तिशी-चाळिशीच्या पगारदाराने वर्षानुवर्षांची बचत अशा गाडीत घालावी आणि पहिल्याच बिलाने ती गाडी दारात उभी राहावी, याचं मला फार वाईट वाटतं. कारण तो बिघाड कागदावर आधीच दिसू शकतो. वर्कशॉपच्या जॉब कार्डावर तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि ग्राहकाची तक्रार असते. मालकी बदलताना आरटीओ हे कार्ड मागत नाही. ते विकणाऱ्याकडून घेणाऱ्यानेच मागायचं असतं, तेही बयाणा देण्याआधी.